बाकी

चौथीत भागाकार शिकवताना बाई फळ्यावर चार शब्द लिहायच्या: भाज्य, भाजक, भागाकार, बाकी. सतराला पाचाने भागलं की भागाकार तीन, बाकी दोन. मग ताळा: पाच त्रिक पंधरा आणि दोन, सतरा. पुढे दशांश अपूर्णांक आले, उत्तर ३.४ झालं आणि बाकीची कुणाला आठवणच राहिली नाही.

आमच्या किराणा दुकानात मात्र तिला भाव होता. उधारीच्या वहीचं प्रत्येक नवं पान 'मागील बाकी'नेच सुरू व्हायचं. एखाद्याने जास्तीचे पैसे ठेवले तर वडील उणे बाकी लिहीत नसत. 'जमा' लिहीत.

कॉलेजात टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर मी १७ / ५ करून पाहिलं. उत्तर आलं ३. कॉम्प्युटर चुकला म्हणून मी खूश! सर म्हणाले, "पूर्णांकाला पूर्णांकाने भागलंस, पूर्णांकच मिळणार. उरलेले दोन हवेत ना? मग हे वापर." आणि त्यांनी चक्क टक्क्याचं चिन्ह काढलं. १७ % ५, उत्तर २. गुणपत्रिकेतला टक्का इथे बाकी काढत होता! (खरा टक्का प्रिंटएफने छापायचा तर तो दोनदा लिहावा लागे, हा आणखी एक छळ.)

त्यानंतर बाकी जिथेतिथे भेटू लागली. सम की विषम? दोनाने भागून बाकी बघा. लीप वर्षाला चाराने बाकी शून्य हवी, शंभराने नको, पण चारशेने शून्य येत असेल तर चालेल; म्हणून १९०० लीप नव्हतं, २००० होतं.

पहिल्या नोकरीत तिनेच मला तोंडघशी पाडलं. ड्युटीचं वेळापत्रक करत होतो. रविवार शून्य, शनिवार सहा. आज मंगळवार, म्हणजे दोन. तीन दिवसांपूर्वी कोणता वार? (२ − ३) % ७. मला हवा होता सहा, सीने दिला उणे एक. वाराच्या जागी कागदावर भलतीच अक्षरं उमटली आणि साहेबांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचायचा प्रयत्न केला.

पायथनमध्ये हेच गणित सहा देतं. सी भागाकार शून्याच्या बाजूला तोडतं, पायथन खालच्या पूर्णांकावर उतरतं. सीमध्येसुद्धा १९९९च्या मानकापर्यंत उणे संख्यांचं काय करायचं हे कंपायलरच्या मर्जीवर होतं. गंमत म्हणजे बाईंचा ताळा दोघांचाही जुळतो: सात गुणिले शून्य, उणे एक, किंवा सात गुणिले उणे एक, अधिक सहा. उत्तर दोन्ही ठिकाणी उणे एकच. पण वडिलांना विचारलं असतं तर ते पायथनच्या बाजूने गेले असते. बाकी उणे लिहायची नाही.

तेव्हा सीमध्ये वार मागे मोजणार असाल तर आधी बाकी काढा, तिच्यात सात मिळवा, आणि पुन्हा एकदा बाकी काढा.