तडा आणि सांधा

काचेच्या इजांच्या बाबतीत मराठी भाषा विलक्षण काटेकोर आहे. काचेवर चरा उठतो, तिच्या कडेचा टवका उडतो आणि तिला तडा जातो. यांतला शेवटचा शब्द आपण समीक्षेत इतका सैल वापरतो की मूळ वस्तूचे भानच राहत नाही. वडिलांनी स्वतः जोडलेल्या फिशटँकच्या तळाला यंदा तडा गेला, तेव्हा तो शब्द मला पुन्हा शब्दशः वाचावा लागला.

अशी पेटी दुरुस्त करावी का, हे ठरवताना आधी पाहायचे ते एवढेच, की गळती सांध्यातून आहे की काचेतून. सांधा सिलिकॉनचा असतो. जुन्यावर नवे सिलिकॉन नीट धरत नाही. म्हणून जुने ब्लेडने पूर्ण खरवडून नवे भरावे लागते. काम किचकट, पण सांधा नवा होतो. तडा गेलेली काच मात्र पुन्हा एकसंध होत नाही. ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो आणि तडा लांबेल तशी काच अधिक दुबळी होते, ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली काचेच्या फुटण्याचा उलगडा केला तो अशा चिरांच्याच आधारे. आमची पेटी तीन फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर पाण्याचेच वजन सव्वाशे किलो. वरून चिकटवलेल्या पट्टीच्या भरवशावर एवढा भार ठेवायला मन धजेना.

उरला मार्ग तळ बदलण्याचा. त्यासाठी सगळेच सांधे उकलावे लागतील आणि तेवढ्या पैशांत नवी पेटी येईल, असे कारागिराने सांगितले. मी अडलो तो पैशांपाशी नव्हे. काचा दुकानातून आणलेल्या. वडिलांचा हात होता तो त्या सांध्यांत, कोपऱ्यांतून बोट फिरवून ओढलेल्या, एके ठिकाणी किंचित फुगलेल्या रेषेत. पेटी वाचवायची तर नेमके तेच खरवडायचे. जीर्ण पोथीचा कागद वाचवताना अक्षरेच पुसावीत, तसे.

पेटी कोरडीच ठेवू, असे मी सुचवले. आई म्हणाली, "रिकामी ठेवून काय पूजा करायचीय तिची? ह्यांनी ती माशांसाठी केली होती."

दुरुस्तीचा प्रश्न आपण किमतीच्या हिशेबाने सोडवतो, नाहीतर आठवणीच्या. दोन्ही हिशेबांनी आमचे उत्तर 'नाही' असेच येत होते. वस्तू कशासाठी केली होती, हा तिसरा हिशेब आईने मांडला आणि तो निर्णायक ठरला.

तळ बदलला. स्टँडच्या फळीवर नवे थर्माकोल घातले, सिलिकॉन पुरते वाळू दिले, मग पाणी भरून गळती तपासली. आतल्या बाजूचे जुने चरे तेवढे राहिले आहेत. पाणी भरल्यावर ते फारसे दिसत नाहीत.