रोज सकाळी सात वाजता

थ्रेड : वेल्समधल्या एका गावाचे ब्रॉडबँड रोज सकाळी सातलाच का कोलमडत होते आणि त्याचे कारण सापडायला १८ महिने का लागले, याविषयी.

मध्य वेल्समध्ये, पोविस परगण्यात आबरहोसन हे छोटेसे गाव आहे. तिथल्या घरांत इंटरनेट येत असे ते जुन्या तांब्याच्या दूरध्वनी-तारांवरून. सकाळचे सात वाजले की ते खाली येई. एखाद्या घराचे नव्हे, अख्ख्या गावाचे. तारांची देखभाल करणाऱ्या ओपनरीचच्या अभियंत्यांनी वाहिन्या तपासल्या, दोष सापडला नाही. मग गावाकडे येणाऱ्या केबलचे मोठमोठे भाग बदलून झाले. सातचा नेम काही चुकला नाही.

खरे तर ‘सात वाजता’ या दोन शब्दांतच अर्धे उत्तर दडलेले होते. गंजलेला सांधा पावसात बिघडतो, वाऱ्याने हलतो. घड्याळ पाहून तो बिघडत नाही. घड्याळ पाहून वागतो तो माणूस. परंतु तार ज्याच्या ताब्यात असते, त्याचा हात आधी तारेकडेच जातो. ही सवय फार जुनी आहे.

ऑगस्ट १८५८. आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली अटलांटिक तारवाहिनी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीचा सुमारे १०० शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला जवळपास १६ तास लागले. वाइल्डमन व्हाइटहाउस हे मुळात शल्यवैद्य, आणि या कंपनीचे विद्युत-प्रमुख. संदेश अस्पष्ट येतो, तर जोर वाढवा, हा त्यांचा उपाय. त्यांनी सुमारे २००० व्होल्टचा दाब लावला. विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांची दिशा नेमकी उलटी होती : दाब कमी ठेवा आणि अत्यंत क्षीण प्रवाहही टिपणारे उपकरण वापरा. त्यासाठी त्यांनी आरशाचा गॅल्व्हानोमीटर घडवला होता. मुळातच सदोष असलेली ती वाहिनी काही आठवड्यांत कायमची मुकी झाली. पुढच्या चौकशीत व्हाइटहाउस यांच्यावर ठपका आला. सगळा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, पण जोर लावण्यापेक्षा कान देणे बरे, हे त्या अपयशानंतर तारखात्याला पटले.

दूरध्वनी आला तेव्हा ‘कान देणे’ हा शब्दशः व्यवहार झाला. सुरुवातीच्या वाहिन्यांत एकच तार असे आणि परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. शेजारच्या तारायंत्राची टकटक बोलण्यात मिसळे. पुढे विजेच्या ट्राम धावू लागल्यावर तर गुरगुर असह्य झाली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याचे पेटंट घेतले. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच बसतो आणि दोहोंतला फरक घेतला की तो वजा होतो. इतकी साधी युक्ती, पण आजही जगभरच्या केबलींत ती जशीच्या तशी आहे.

अडचण उभी राहिली ती याच जोडीवर इंटरनेट बसवल्यावर. माणसाच्या बोलण्याला सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतची जागा पुरते. एडीएसएल ११०० किलोहर्ट्झपर्यंत चढते. म्हणजे मध्यम लहरींच्या रेडिओची बरीचशी हद्द त्यात येते. पावसाळ्यात वीज चमकली किंवा स्वयंपाकघरात मिक्सर लागला की आकाशवाणीच्या बातम्यांत उठणारी खरखर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना मोडेमचे दुःख वेगळे सांगायला नको. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवलेला साधा खिशातला रेडिओ घेऊन घरभर फिरणे, ही गोंगाटाचे मूळ शोधण्याची जुनी आणि उपयोगी रीत आहे ती याचमुळे.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. गोंगाटाने जोडणी वारंवार तुटू लागली की पलीकडची स्वयंचलित यंत्रणा ती टिकावी म्हणून वेग मुद्दाम उतरवते. गोंगाट थांबला तरी तो लगेच परत चढत नाही. अशा वेळी वैतागून राउटर पुन्हापुन्हा बंद-चालू करणारा ग्राहक त्या यंत्रणेला ‘ही वाहिनी डळमळीत आहे’ असा पुरावाच पुरवत असतो. वेग अचानक पडला तर आधी कागद-पेन्सिल घेऊन वेळा टिपाव्यात. इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही सनावळी पहिली लागते.

आबरहोसनमध्ये अखेर हेच झाले. अभियंते वर्णपट-विश्लेषक नावाचे उपकरण घेऊन पहाटे सहा वाजता, धो धो पावसात, गावाच्या रस्त्यावरून येरझारा घालू लागले. तारेला कोणी हात लावला नाही. सात वाजले आणि उपकरणावर विद्युत-गोंगाटाचा मोठा लोळ उठला. त्याचा माग एका घरापर्यंत गेला. घरातली व्यक्ती रोज सकाळी सातला आपला जुना, वापरलेला घेतलेला टीव्ही लावत असे. लावताक्षणी त्यातून एकच तीव्र विद्युत-आघात बाहेर पडे. अभियंत्यांच्या बोलीत त्याला ‘शाइन’ म्हणतात.

टीव्ही रोज सुरू होत होता. तो बिघडला आहे, अशी शंका घेण्याचे त्या घराला कारणच नव्हते. आपल्यामुळे सबंध गावाचे १८ महिने असे गेले, हे कळल्यावर ती व्यक्ती शरमून गेली आणि संच पुन्हा न लावण्याचे तिने लगेच कबूल केले. सप्टेंबर २०२० मध्ये ही बातमी जगभर छापून आली. अभियंत्यांनी त्या घराचे नाव मात्र उघड केले नाही.