रेवेची खाण

माझा मुलगा नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला असतो. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो असता एका रविवारी त्याने मला जवळच्या ॲटनबरो गावी नेले. ट्रेंट नदीच्या काठची ती विस्तीर्ण तळी, लव्हाळ्यांची बेटे आणि बदकांचे थवे पाहून, निसर्गाची लीला अगाध आहे, असे काहीसे मी बोलून गेलो. मुलगा हसला. ती सारी तळी माणसाने खणलेली होती!

१९२९ साली येथे रेव उपसण्यास प्रारंभ झाला. नदीने युगानुयुगे आणून टाकलेली रेव काँक्रीटसाठी निघून गेली आणि खड्डे जमिनीतल्या पाण्याने भरले. १९६६ साली त्यांचे पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र झाले. उद्घाटनास डेव्हिड ॲटनबरो आले होते. (गावाचे नाव तेच त्यांचे आडनाव!)

एका बेटावर मात्र चारसहा माणसे कडाक्याच्या थंडीत वाळुंजीची रोपे मुळासकट उपटीत होती. मला रागच आला. जमिनीची जखम एवढ्या वर्षांनी भरून येते आहे, आणि हे लोक तिची खपली काढतात! मुलाने समजावले, की काही पक्ष्यांना उघडी रेवच लागते. त्यांपैकी एक कंठेरी चिखल्या. चिमणीहून थोडासा मोठा, डोळ्याभोवती पिवळे कडे. रेवेत नुसती खळी करून तो अंडी घालतो, आणि ती खड्यांतून ओळखू येत नाहीत. ब्रिटनमध्ये त्याने पहिले घरटे केले ते १९३८ साली, ट्रिंग येथील जलाशयाच्या उघड्या पडलेल्या तळावर. पुढे त्याला देशभर आसरा दिला तो रेवेच्या खाणींनीच. खाण चालू असे तोवर उघडी जमीन आपसूक मिळे. आता गवत माजले की तो येत नाही. म्हणून हा खटाटोप.

"मग तो आहे कोठे?" मी विचारले.

"आफ्रिकेत. उन्हाळ्यात येईल."

हा पक्षी मला नवा नव्हता. वाईस कृष्णेच्या वाळवंटात तो तुरुतुरु धावे, आणि त्याच्यामागे सहा वर्षांचा हाच मुलगा. त्याला मी आठवण करून दिली. त्याला काही आठवेना.

रात्री घरी फोन केला. माडीवरची त्याची खोली भाड्याने देण्याबद्दल शेजारी पुन्हा विचारून गेले, असे मंडळींनी सांगितले. खोली नऊ वर्षे रिकामीच आहे. दर दिवाळीला ती झाडून घेतो.

"तूर्त राहू द्या," मी म्हणालो, आणि त्या बेटावरच्या माणसांची हकीकत सांगू लागलो.