उघड्या डोळ्यांची झोप

वसतिगृहातील आम्हा मुलांना एक कला उत्तम अवगत होती. ती म्हणजे उघड्या डोळ्यांनी झोपण्याची. रात्रीच्या अभ्यासाच्या तासाला पाठ ताठ, पुस्तक समोर, नजर ओळींवर. मन मात्र केव्हाच पांघरुणात शिरलेले. अधीक्षक गुरुजी अशा वेळी रागावत नसत. हळूच जवळ येऊन विचारीत, "बाळ, शेवटची ओळ कोणती वाचलीस?" त्या एका प्रश्नाने आमची सारी कला उघडी पडत असे. स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो तेव्हा हीच आठवण प्रथम आली, याला कारण मागील मेळाव्यास येतानाचा आमचा प्रवास.

आम्ही चौघे वर्गमित्र सकाळी लवकर जेवून नागपूरहून समृद्धी महामार्गाने निघालो होतो. पाचवा मेहकरला थांबणार होता. हा मार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. विद्यार्थिदशेत याच मुलखातून आम्ही लाल एस.टी.ने येत असू. दर चार मैलांवर गाव, गावाला गतिरोधक, मध्येच बैलगाडी, आठवडी बाजाराची गर्दी. त्या रस्त्याला आम्ही किती शिव्याशाप दिले असतील! पण चालकाला तो क्षणाचीही उसंत देत नसे. समृद्धीवर यातले काहीच नाही. चौक नाही, सिग्नल नाही, समोरून येणारे वाहन नाही. काँक्रीटवर टायरांचा एकसुरी आवाज, बाजूला तोच कठडा आणि पुढे तीच पांढरी रेघ.

जाणकार याला महामार्ग-संमोहन म्हणतात. ही निव्वळ झोप नव्हे. रात्री पुरेशी विश्रांती घेतलेल्यालाही ते गाठते. नवे काही घडतच नाही म्हटल्यावर मेंदू आपले लक्ष काढून घेतो आणि सवयीचे हात स्टिअरिंग सांभाळीत राहतात. गाडी सरळ चालते, पण पाहिलेले मनात उतरत नाही. त्यातच कधी दोन-तीन सेकंदांची खरी डुलकी लागते. तेथे मोटारींना मुभा असलेल्या ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी तीन सेकंदांत शंभर मीटर जाते. आणि भान सुटले आहे, हे ज्याचे सुटले त्यालाच कळत नाही.

त्या दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजला. मेहकरचा मित्र विचारीत होता, "अरे, कुठे आहात तुम्ही? तासभर झाला उभा आहे." आम्ही तिघे झोपेतून दचकून जागे झालो. पाटी दिसली ती सिंदखेडराजाची. मेहकर मागे पडून बराच वेळ झाला होता.

"वळला का नाहीस रे?"

"मेहकर आलंच नाही अजून," आमचा मित्र शांतपणे म्हणाला. तो जागाच होता. त्याचे डोळे रस्त्यावर होते, गाडी आपल्या मार्गिकेत होती. मेहकरच्या भल्यामोठ्या हिरव्या पाट्या त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या होत्या आणि त्याला त्यांतली एकही आठवत नव्हती.

या मार्गावर मध्येच मागे वळता येत नाही. सिंदखेडराजाला बाहेर पडून गाडी थांबविली, तोंडावर पाणी मारले, चहा घेतला. त्याला बोल लावण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाही नव्हता. पोटभर जेवून, त्याच्या भरवशावर, पहिल्या तासातच आम्ही माना टाकल्या होत्या. त्याच्या शेजारी बसणाऱ्यानेसुद्धा! वाटेत कोणी एकदा जरी विचारले असते, "शेवटचं कोणतं गाव गेलं रे?"

चहा पिता पिता मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, की अर्धवट झोपेत आपण ट्रकच्या अगदी जवळून गेल्याचे आणि मोठा हॉर्न वाजल्याचे त्याला आठवते. आमच्या मित्राने पेला खाली ठेवला. ट्रक त्याला आठवत नव्हता.

मेहकरकडे परतताना गाडी दुसऱ्याने घेतली. तो शेजारी बसून होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग मागे वळून त्याने विचारले,

"हॉर्न कुणी वाजवला रे? त्यानं, की मी?"

आम्हांपैकी कोणालाच ते सांगता आले नाही.