आईचा रकाना

भाच्याचा आयटीआयचा फिटर ट्रेड संपला आणि घरात दोन पक्ष पडले. भाऊजींचं एकच पालुपद: गन कॅरेजमध्ये अप्रेंटिस लाग. ते स्वतः तिथूनच निवृत्त झाले, त्यांचे वडीलही. १९०४ची फॅक्टरी ती. जबलपुरातल्या कितीतरी मराठी घरांत नोकरी म्हणजे गन कॅरेज, खमरिया, नाहीतर व्हेईकल फॅक्टरी. निवडायचा प्रश्नच नसे.

पण भाऊजी सांगतात ती नोकरी आता उरलीय कुठे? १ जानेवारी २००४पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या. या तिन्ही फॅक्टऱ्या तीन वेगळ्या कंपन्यांत गेल्या. आणि अप्रेंटिसला प्रमाणपत्र मिळतं, नोकरीची हमी नाही. (हे भाऊजींना सांगायची माझी छाती नाही.)

काल पोराने वही दाखवली. डावीकडे पुण्याजवळच्या चाकणला मिळू शकणाऱ्या नोकरीचा पगार, त्याखाली खोलीभाडं, मेस, बस, दिवाळीचं तिकीट. खाडाखोड भरपूर. सगळ्यांत खाली बारीक अक्षरात ‘आई?’ एवढंच, पुढे आकडा नाही. ताईचे गुडघे गेलेत, जिना उतरायला हात द्यावा लागतो. करिअर मार्गदर्शनवाले कल, आवड, क्षमता सगळं विचारतात. हा रकाना त्यांच्या फॉर्मात मी तरी पाहिला नाही.

माझं मत चाकणला. ताईचं आम्ही बघू. तसं बोललोही.

‘‘मामा, आधी अप्रेंटिसचा फॉर्म भरतो,’’ तो म्हणाला. ‘‘चाकणवाले पंधरा तारखेपर्यंत थांबतायत.’’