नावे ३ पौंड १० शिलिंग

बी. कॉम. झालेल्या माणसाने साहित्यावर बोलू नये, असा आमच्या घरात एक अलिखित नियम आहे. सौ. मराठी घेऊन एम. ए. झालेली. त्यामुळे शेक्सपिअरचं नाव निघालं की मी गुपचूप ठेवींचे व्याजदर वाचू लागतो. पण परवा तिच्याच कपाटात लंडनच्या एका नाटकवाल्याची हिशेबाची वही छापील रूपात सापडली आणि मी बाह्या सरसावल्या. वही चारशे वर्षांपूर्वीची असली म्हणून काय झालं? खातं आमचंच!

वही फिलिप हेन्स्लो यांची. थेम्सच्या दक्षिण काठावरच्या ‘रोझ’ नाट्यगृहाचे हे मालक. माणूस पक्का हिशेबी. भावाच्या धंद्याची जुनी वही होती, तिच्याच कोऱ्या पानांवर यांनी नाटकांचे हिशेब मांडले. कागद वाया घालवणं आमच्या आजीलाही असंच जिवावर यायचं.

मी १५९९ साल उघडलं. मोठं धामधुमीचं साल. शेक्सपिअरच्या मंडळींचं जागेच्या मालकाशी वाजलं होतं. त्यांनी १५९८च्या डिसेंबरअखेर जुन्या नाट्यगृहाची लाकडं उतरवली आणि पुढे नदीपलीकडे नेऊन ‘ग्लोब’ उभं केलं, तेही नेमकं हेन्स्लोंच्या शेजारी! एका स्विस प्रवाशाने २१ सप्टेंबरला ज्युलियस सीझरचं नाटक पाहिलं आणि दरपत्रकही लिहून ठेवलं. उभं राहायला १ पेनी, बसायला आणखी १, गादी हवी तर तिसरी. प्रवासी असावा तर असा.

वहीत ३० जानेवारीची नोंद आहे. टॉमस डेकर या नाटककाराला अटकेतून सोडवण्यासाठी कंपनीला उसने दिले, ३ पौंड १० शिलिंग. अटक करवणारे कोण? तर शेक्सपिअरचीच मंडळी! पुढे १५ जुलैची नोंद. त्याच डेकरचं जोडे शिवणाऱ्यांवरचं नाटक विकत घेण्यासाठी ३ पौंड.

मी दोनदा वाचलं. नाटक ३ पौंडांत, नाटककार साडेतीनला! अशा कर्जदाराला आमचे कुठलेही साहेब खुर्चीसुद्धा देणार नाहीत. हेन्स्लोंनी पैसे मोजले. ते नाटक पुढच्याच वर्षी छापलं गेलं आणि आजही वाचायला मिळतं. वहीतली बाकीची कितीतरी नाटकं मात्र कायमची हरवली. त्यांचं नाव आणि रक्कम, एवढंच काय ते मागे राहिलं.

“पण नाटक कसं होतं, याबद्दल चकार शब्द नाही,” सौ. म्हणाली. “किती रुक्ष माणूस!”

मी गप्प बसलो. कारण माझे वडीलही असेच रुक्ष. कॉलेजात असताना मी एका एकांकिकेत हवालदार झालो होतो. वाक्यं तीन. “नाटकं करून कुणाचं पोट भरलंय?” एवढंच ते म्हणाले. मी निमूटपणे बँकेच्या परीक्षेला बसलो आणि हवालदार कायमचा निवृत्त झाला.

वडील गेल्यावर त्यांच्या खर्चाच्या वह्या माझ्याकडे आल्या. त्या रात्री मी त्या वर्षाची वही काढली. स्पर्धेची तारीख माझ्या पक्की लक्षात होती. दूध, भाजी, सायकलचं पंक्चर आणि खाली बारीक अक्षरात, “नाटक, तिकीट १, रु. २०.” कसं झालं, हवालदार बरा होता का, याबद्दल चकार शब्द नाही.

सवयीने मी पानाची बेरीज केली. २० रुपयांचा फरक येत होता. वडिलांची बेरीज उभ्या आयुष्यात चुकलेली मी पाहिली नव्हती. पुन्हा केली. तिकीट त्यांनी लिहिलं होतं, बेरजेत धरलं नव्हतं. महिनाअखेर बेरीज आईला दाखवावी लागे.

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासतो आहे. ही चूक मात्र तशीच राहू दिली.