अंबाझरीच्या कांठीं
नागपुरीं उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो. म्हणून आमची धांवणारी मंडळी उजाडण्यापूर्वींच अंबाझरीच्या कांठीं जमते. शहरास पाणी मिळावें म्हणून १८७० सालीं हा तलाव बांधला. २०२३ च्या सप्टेंबरांत तोच ओसंडून खालच्या वस्त्यांत शिरला. तेव्हां धांवणें ठेवून आम्हीं गाळ उपसला.

बेळगांवकडील फडेप्पा चौगुले १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें १९ वे आले, हें मी नव्या मुलांस हटकून सांगतों. वीस वर्षें मी पुढें असें. आतां गुडघा कुरकुरतो, सेमिनरी टेकडीच्या चढावर मागें पडतों. परवां वर पोहोंचलों, तों सारीं मुलें चहासाठीं माझी वाट पाहत उभीं! तें मला मुळींच रुचलें नाहीं. येत्या रविवारीं घरून पाव तास आधीं निघणार आहें.